दोन पांढऱ्या गोळ्या

क्रिस्टीना तुस्कानो चौदा वर्षं जर्मनीतल्या एका लहान शहराच्या ऑपेरात गात होती. गावात कुणी विचारलं, की ती अजून तिथेच आहे, सुट्टीवर आलीय, असंच तिचे वडील सांगत. त्या सुट्टीला आता तिसरं वर्ष लागलं होतं.

बेसिल तुस्कानो खोटं बोलणारे नव्हते. केळीच्या वाडीत आणि चर्चच्या कमिटीवर त्यांचा जन्म गेला होता, आणि दोन्हीकडे त्यांच्या शब्दाला मान होता. पण मुलीला घरी पाठवलं, हे वाक्य काही केल्या त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. तिकडच्या नाट्यगृहांची रीतच तशी. गाणाऱ्याचा करार वर्षावर्षाने वाढवतात, पण पंधरा वर्षं भरली की त्याला कायमचं ठेवावं लागतं. म्हणून पंधरावं भरायच्या आत एकेकाला आत बोलावून निरोप देतात. क्रिस्टीनाला बोलावलं तेव्हा टेबलावर कॉफी मांडली होती, चांगल्या कपांत. एरवी तिथे कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. ती खुर्चीत बसायच्या आधीच समजली.

कारण कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. कारण तिला ठाऊक होतं.

वयाच्या नवव्या वर्षी ती चर्चच्या कॉयरमध्ये उभी राहिली तेव्हा ऑर्गन वाजवणारे स्टॅनी सर तिच्यासाठी एकेक पट्टी वर चढवत गेले होते. पोरगी कुठे थांबते ते बघायचं होतं त्यांना. शेवटी सरच थांबले. दुसऱ्या दिवशी ते बेसिलच्या वाडीत आले आणि म्हणाले, "हिला मुंबईला शिकायला पाठव. हिला शिकवायला मी पुरा पडणार नाही." तिथून मुंबईची शिक्षिका, मग शिष्यवृत्ती, मग जर्मनी. सोप्रानो म्हणजे बायकांच्या आवाजातली सगळ्यात वरची जात. नाटकातली राजकन्या, नवरी, मरणारी प्रेयसी, सगळ्या सोप्रानोच. क्रिस्टीनाच्या वाट्याला मात्र बहुतेक दासी आणि मैत्रिणी आल्या. नायिकेच्या मागे उभं राहून चार ओळी गायच्या आणि तबक घेऊन आत जायचं. तिची त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. तिथल्या सातव्या वर्षी एकदाच नायिकेचं काम आलं, मुख्य गायिकेचा पाय मोडला म्हणून. नेमकी क्रिस्टीनाला त्या आठवड्यात सर्दी. घसा सुजलेला. नाट्यगृहाच्या डॉक्टरने एक इंजेक्शन दिलं आणि सूज तासाभरात उतरली. ती गायली. अशी गायली, की पडदा पडल्यावर लोक उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिचं नाव होतं आणि तिच्या गळ्यात आवाज नव्हता. स्वरतंतूत रक्त उतरलं होतं. इंजेक्शनने सूज झाकली होती, दुखणं कळू दिलं नव्हतं, आणि तिने त्याच्यावर जोर दिला होता. आवाज महिन्याभराने परत आला. सगळ्यात वरचे दोन सूर मात्र आले तर आले, नाही तर नाही. पुढची सात वर्षं ती प्रत्येक प्रयोगाच्या आधी त्या दोन सुरांची भीती पोटात घेऊन उभी राहायची.

घरी परतल्यावर वरच्या मजल्यावरच्या खोलीत तिने पियानो ठेवला आणि शिकवण्या सुरू केल्या. गावातली मुलं, जवळच्या एव्हरशाईन सिटीच्या इमारतींतल्या दोघीतिघी, कुणी परीक्षेसाठी, कुणी आईच्या हौसेसाठी. शेजारची ब्रिटनीही त्यातच. एक दिवस ब्रिटनी कॉलेजातल्या मैत्रिणीला सोबत घेऊन आली.

"मिस, ही तेजस्वी. नायगावची. हिला फक्त बघायचंय."

तेजस्वी अठरा वर्षांची, अंगाने भरलेली, लाजरी. वडील हरेश. त्यांची खाडीकडची भातशेती होती. त्यातली बरीच टॉवरखाली गेल्यावर त्यांनी रेती-सिमेंटचा धंदा धरला होता. आई जिजा धवलारीण. म्हणजे लग्नघरी हळदीपासून वरातीपर्यंतचे धवले गाणारी, तिच्याशिवाय त्या भागात लग्न लागत नसे. तेजस्वी लहानपणापासून आईच्या शेजारी बसून तिच्यामागून धवल्याची ओळ ओढत आली होती.

"काहीतरी म्हण," क्रिस्टीना म्हणाली.

तेजस्वीने धवल्याच्या दोन ओळी म्हटल्या. आवाज छातीतून यायचा, रुंद, बिनघोर. क्रिस्टीनाने पियानोवर एक सूर दिला, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. स्टॅनी सर जसे थांबले होते तशी ती थांबली नाही.

त्या दिवसापासून तेजस्वी आठवड्यातून तीनदा येऊ लागली. वर्षभरात ती इटालियन उच्चार करायला शिकली, श्वास पोटात ठेवायला शिकली. आणि क्रिस्टीना सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तिचा विचार करायला शिकली. हे बेसिलच्या लक्षात आलं होतं. एकदा जेवताना ते म्हणाले, "बाय, बाकीच्या पोरांनापण येतं गाता."

"येतं डॅडी. पण ही वेगळी आहे."

"तू तिला शिकवतेस ना, का तिच्यातून गातेस?"

क्रिस्टीना हसली आणि माशाची तुकडी त्यांच्या ताटात वाढली.

दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात बातमी आली. ऑस्ट्रियातल्या एका संगीत विद्यालयाचे दोन शिक्षक मुंबईत येणार होते, एका मुलाला किंवा मुलीला पूर्ण शिष्यवृत्तीवर न्यायला. पहिली फेरी गुरुवारी, दुसरी रविवारी. क्रिस्टीनाने तेजस्वीचं नाव घातलं आणि दोन गाणी निवडली. दुसरं फार वरचं होतं. इतकं वरचं गाणं एकोणिसाव्या वर्षी कुणी गाऊ नये, असं तिनेच इतर मुलींच्या आयांना अनेकदा सांगितलं होतं.

ऑडिशनच्या आठवड्यात तेजस्वीच्या मावसभावाचं लग्न निघालं. रविवारी हळद. सोमवारी ती शिकवणीला आली ती आईला घेऊनच. आवाज घोगरा, नाक लाल.

"हळदीला थोडं गायली माझ्यासंगं," जिजा म्हणाली. "रातच्याला वारा लागला असंल. मॅडम, घसा बसलाय तर राहू दे या टायमाला."

"जिजाताई, हे लोक दर वर्षी येत नाहीत."

"ते खरं. पन बसल्या आवाजावर जोर नाय द्यायचा. मी लगनाच्या आदल्या दिवशी घरात कोनाशी बोलत पन नाय. पानी मागायचं तर हातानं मागते. माझ्या आयनं तसंच शिकवलं."

"हे गाणं वेगळं आहे," क्रिस्टीना म्हणाली. "याचं तंत्र असतं. मी आहे ना तिच्याबरोबर."

जिजाने मान हलवली. पटल्यासारखी नव्हे, पण शिकलेल्या माणसापुढे माघार घ्यावी तशी. जाताना तिने लेकीच्या गळ्याला मफलर नीट गुंडाळला.

गुरुवारी सकाळी तेजस्वीचा आवाज थोडा सुटला होता, पण वर चढला की खरखरायचा. हरेशची गाडी खाली उभी होती. क्रिस्टीनाने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं. आदल्या दिवशी स्टेशनजवळच्या मेडिकलमधून तिने स्वतः जाऊन आणलं होतं. नाव तिला पाठ होतं, चिठ्ठी कुणी मागितली नाही. दोन पांढऱ्या गोळ्या तिने तेजस्वीच्या तळहातावर ठेवल्या.

"कसल्या आहेत मिस?"

"सूज उतरते. आम्ही तिकडे घ्यायचो."

"आईला फोन करून विचारू?"

"सर्दीच्या गोळीला आईला काय विचारायचं?"

तेजस्वीने गोळ्या घेतल्या. तिचा मिसवर विश्वास होता. क्रिस्टीनाला गोळी गिळतानाचा तो मुलीचा गळा दिसला आणि क्षणभर वाटलं, अजून वेळ आहे, खाली जाऊन गाडी परत पाठवावी. तिने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "चल."

हॉलमध्ये त्या दिवशी बावीस मुलं होती. तेजस्वीचा नंबर चौदावा. ती मंचावर उभी राहिली तेव्हा ओढणीची टोकं तिने मुठीत धरली होती. पहिल्याच ओळीनंतर ती मूठ सुटली. आवाज स्वच्छ होता. वरचा सूर आला तो असा, की मागच्या रांगेत कुणीतरी बोलता बोलता गप्प झालं. परीक्षकांपैकी वयस्क बाईने हातातलं पेन खाली ठेवलं आणि ती नुसती ऐकत राहिली. क्रिस्टीना भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ हलत होते. आपण तोंड उघडलंय हे तिला गाणं संपल्यावर कळलं.

रविवारी यायला सांगितलं. बावीसांतून चौघांनाच.

परतीच्या वाटेवर तेजस्वी म्हणाली, "मिस, मला गळा आहे असं वाटतच नाहीये. काहीच लागत नाही."

"ते चांगलं आहे," क्रिस्टीना म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिला नेमकं हेच वाटलं होतं, जर्मनीत सातव्या वर्षी, त्या रात्री.

शुक्रवारी तिने मुलीला सुट्टी द्यायला हवी होती. तिने सकाळी आणखी दोन गोळ्या दिल्या आणि दुपारी दुसरं गाणं काढलं. तिसऱ्या पानावर एक लांब चढ होता. तेजस्वी तो चढत गेली, आणि सुराच्या मध्यावरच आवाज गेला. फाटला नाही, कापला नाही, फक्त होता आणि नव्हता. तिने पुन्हा तोंड उघडलं. हवा आली. तिने क्रिस्टीनाकडे बघितलं आणि हाताने गळा दाखवला. दुखत नाही, असं मानेनं सांगितलं. ती हसायचा प्रयत्न करत होती, मिसला वाईट वाटू नये म्हणून.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि पडद्यावर दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या असायला हव्यात, त्यातली एक लालभडक सुजलेली. क्रिस्टीनाने हे चित्र आधी पाहिलं होतं, स्वतःच्या गळ्याचं. हरेश आणि जिजा पडद्याकडे बघत होते. त्यांना काही कळत नव्हतं आणि म्हणून ते डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते.

"रक्त साठलंय. बोलायचं नाही, एक शब्द नाही. कुजबुजायचं पण नाही," डॉक्टर म्हणाले. "काही औषध चालू होतं?"

तेजस्वीने क्रिस्टीनाकडे बघितलं.

"सर्दीचं काहीतरी," क्रिस्टीना म्हणाली.

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

रविवार आला आणि गेला. चौघांतल्या एका मुलाची निवड झाली. तेजस्वी घरी पाटीवर लिहून बोलत होती. दोन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, सूज हवी तशी उतरत नाहीये, कदाचित ऑपरेशन करावं लागेल, आणि केलं तरी गाण्याबद्दल आत्ता काही सांगता येणार नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी जिजा एकटीच क्रिस्टीनाकडे आली. हातात डबा, डब्यात ओल्या करंदीचं कालवण. क्रिस्टीनाने तिला पंख्याखाली बसवलं.

"मॅडम, तुमी पोरीसाठी लय केलंत," जिजा म्हणाली. "तुमाला तोंड दाखवायची लाज वाटते मला."

"तुम्हाला का?"

"मीच गायला बसवलं ना तिला हळदीला. नको बोलत होती ती, ऑडिशन हाय म्हनून. मी बोलली, भावाचं लगन हाय, चार धवले म्हन. माझ्याच हातानं झालं." तिने पदराने डोळे पुसले नाहीत, डोळे कोरडे होते, फार दिवस रडून झालेले. "आता मी बंद केलं. या महिन्यात तीन लगनाला बोलावनं होतं. नाय बोलली. पोरीचा आवाज येईपर्यंत मी गानार नाय. नाय आला तर कवाच नाय."

क्रिस्टीना म्हणाली, "असं नका करू जिजाताई." जिजा उठली, डबा नंतर नेते म्हणाली, आणि गेली.

दुपारी बेसिल जेवायला आले तर कालवण तसंच झाकलेलं आणि लेक पायरीवर बसलेली. ते शेजारी बसले. क्रिस्टीनाने त्यांना सगळं सांगितलं, पाकिटापासून डॉक्टरांपर्यंत. मग जर्मनीतल्या इंजेक्शनचंही सांगितलं, जे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

बेसिल म्हणाले, "तुला माहीत होतं काय होतं ते."

"हो."

"तरी दिल्यास."

"हो, डॅडी."

"मग इथं बसून काय करतेस? ती बाई स्वतःला दोष देत घरी बसलीय."

नायगावला तेजस्वीच्या घरी पोचेपर्यंत चार वाजले होते. जिजा ओट्यावर तांदूळ निवडत होती. हरेश आत फोनवर कुणाला सिमेंटची गाडी पाठवत होता. क्रिस्टीनाला खुर्ची दिली, ती बसली नाही.

"जिजाताई, हळदीमुळे नाही झालं. मी तिला गोळ्या दिल्या होत्या. सूज दाबणाऱ्या. गुरुवारी दोन आणि शुक्रवारी दोन. अशा गळ्यावर त्या घेऊन गायलं की काय होतं ते मला माहीत होतं. माझंही झालंय. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

जिजाचा हात सुपात थांबला. दारात तेजस्वी येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात पाटी होती, तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

हरेशने फोन खाली ठेवला. तो बोलायला लागला तो मोठ्याने, शेजारची दारं उघडली इतक्या मोठ्याने. मुलीचं वाटोळं केलं, पोलिसात जातो, तुझी शिकवणी बंद करतो. क्रिस्टीना उभी राहून ऐकत होती. जिजाने त्याला थांबवलं नाही. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "गोळीचं नाव लिहून दे. डॉक्टरला दाखवाया पायजे."

क्रिस्टीनाने नाव लिहून दिलं. पहिल्यांदाच जिजा तिच्याशी एकेरीत बोलली होती.

"मी त्या दिवशी तुला सांगत होती," जिजा म्हणाली. "तू बोलली, हे गानं वेगळं हाय. गळा तर तोच हाय ना गं?" तिने कागद घडी करून कमरेला खोचला. "आता जा. हिला तुझ्याकडं परत पाठवनार नाय मी."

डॉक्टरांनी औषध बदललं. ऑपरेशनही झालं, लहानसं, कॅमेऱ्यातून. क्रिस्टीनाने ऑस्ट्रियातल्या विद्यालयाला पत्र लिहिलं. मुलगी आली नाही ती तिच्या चुकीने नव्हे, माझ्या, आणि काय चूक ते सगळं. उत्तर तीन ओळींचं आलं. बरी झाल्यावर तिला पुन्हा ऐकू. ते उत्तर तिने तेजस्वीला फोनवर पाठवलं. निळ्या खुणा आल्या, जबाब आला नाही. शिकवणीला येणाऱ्या नऊ मुलांच्या आईबापांना तिने एकेकाला बोलावून घडलेलं सांगितलं. पाच जणांनी मुलं काढून घेतली. ब्रिटनीची आई त्यांतलीच. ब्रिटनी मात्र अंगणावरून जाता-येता बातम्या देत राहिली: मार्चमध्ये तेजस्वी बोलायला लागली, मेमध्ये वांद्र्याच्या एका बाईंकडे गाणं शिकायला जायला लागली, त्या तिला अजून वर चढू देत नाहीत. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर बायका क्रिस्टीनाशी बोलायच्या, पण पूर्वीपेक्षा थोडं लवकर निघून जायच्या.

तेजस्वी आली ती सप्टेंबरात, एका शनिवारी दुपारी, न सांगता. हातात गाण्यांची पुस्तकं, क्रिस्टीनाचीच, पेन्सिलने खुणा केलेली.

"परत द्यायची होती," ती म्हणाली. आवाज जरा खाली उतरलेला, पण भरीव.

"ठेव ना तुझ्याकडे."

"नको."

तिने पुस्तकं पियानोवर ठेवली. बसली नाही, पण निघालीही नाही.

"आई परवा नालासोपाऱ्याला गेली होती, लग्नाला. गायला."

क्रिस्टीनाने मान हलवली.

"मिस, एक विचारू? त्या गुरुवारी मी गायले ते गोळ्यांमुळे की माझं मी?"

"तुझं तू," क्रिस्टीना म्हणाली. "गोळीने गाता येत नाही. गोळी नसती तर थोडं खरखरलं असतं. पण त्यांनी तुला तरीही बोलावलं असतं, असं मला आता वाटतं."

तेजस्वीने ते ऐकून घेतलं. तिचा चेहरा घट्ट झाला. हे उत्तर तिला आवडलं नव्हतं. गोळ्यांमुळे म्हटलं असतं तर बरं झालं असतं, तेवढ्यासाठी तरी मिसला कारण होतं असं झालं असतं.

"मग का दिल्यात?"

"मला ते ऐकायचं होतं. खरखर नको होती. एकदा तरी तसं ऐकायचं होतं."

खाली बेसिल कुणाशी तरी बोलत होते, त्यांचा आवाज जिन्यातून वर येत होता. तेजस्वीने ओढणी सारखी केली.

"ते लोक जानेवारीत परत येतायत. मी जाणार आहे. वरचे दोन सूर नाही येत अजून, नव्या मिस म्हणतात कदाचित येणारच नाहीत. त्यांनी खालचं गाणं बसवलंय." ती थांबली. "तुम्ही येऊ नका तिथे."

"नाही येणार."

ती दारापर्यंत गेली आणि वळून पियानोपाशी परत आली. एक पुस्तक उचलून तिने पान काढलं, बोट ठेवलं.

"इथे तुम्ही शब्दानंतर श्वास घ्यायला सांगायचात. त्या म्हणतात, आधी घे."

क्रिस्टीनाने पान बघितलं. तिची स्वतःची खूण होती तिथे, चौदा वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगासाठी केलेली.

"त्यांचं ऐक," ती म्हणाली.

तेजस्वीने पुस्तक मिटून जागेवर ठेवलं आणि जिना उतरून गेली.